सोन्याचं नाणं स्लॅबमध्ये आहे, पण स्लॅबच खोटा असेल तर?

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. सोनं दागिन्यांपेक्षा नाण्यांत घ्यावं अशा मताचा आहे, त्यामुळे अमेरिकन ईगल आणि इंग्लंडचे सॉव्हरिन, म्हणजे आपली गिनी, असं थोडंथोडं घेत आलोय. आता एक जुनं नाणं घ्यायचं फार मनात आहे. अमेरिकेने १९०७ ते १९३३ या काळात पाडलेलं, शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी घडवलेलं वीस डॉलरचं नाणं. एका बाजूला हातात मशाल आणि ऑलिव्हची फांदी घेतलेली स्वातंत्र्यदेवी, दुसऱ्या बाजूला सूर्यावरून उडणारा गरुड. इतकं देखणं नाणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

फेसबुकवरच्या एका खरेदी-विक्री गटात एकाकडे १९२४ सालचं आहे. एनजीसी कंपनीच्या सीलबंद स्लॅबमध्ये, लेबलवर एमएस ६५ दर्जा (एमएस म्हणजे मिंट स्टेट, न वापरलेलं नाणं). लेबलवरचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. नोंद सापडली, साल आणि दर्जा दोन्ही जुळतं. किंमत मात्र त्यातल्या नुसत्या सोन्याच्या आजच्या भावापेक्षाही थोडी कमी आहे. विक्रेता म्हणतो, घराचं डाउन पेमेंट भरायचंय म्हणून घाई आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी: पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या, १९८० च्या दशकात निघालेल्या. नाणं तपासून त्या १ ते ७० मध्ये दर्जा देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. स्लॅबमधलं नाणं लोक डोळे झाकून घेतात.

प्रश्न एवढाच, नंबर जुळला म्हणजे नाणं खरं धरायचं का? अजून पैसे दिलेले नाहीत. विक्रेत्याने पाठवलेले फोटो जोडतोय.

अबोली_ठाणे

सोन्याच्या भावापेक्षा कमी? मग पुढचं काही बघायचीही गरज नाही. ज्याला घाई आहे तो माणूस कुठल्याही सराफाकडे जाऊन तासाभरात भाव घेऊन मोकळा होईल. तुमच्या मेसेजची वाट कशाला बघत बसेल?

नाणेघाट

अबोलीताईंशी सहमत. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नंबर जुळणं याचा अर्थ एवढाच की त्या नंबरचं एक खरं नाणं जगात कुठेतरी आहे. बनावट स्लॅब करणारे नंबर मनाने बनवत नाहीत. लिलावाच्या संकेतस्थळांवर खऱ्या स्लॅबचे स्वच्छ फोटो पडलेले असतात, त्यातला नंबर, साल आणि दर्जा जसाच्या तसा उचलतात. बारकोडसुद्धा. असे स्लॅब २००८ च्या सुमारास बाजारात दिसायला लागले, बहुतेक चीनमधून. तेव्हाचे ओळखायला सोपे होते. अक्षरं जाड, दोन अक्षरांमधलं अंतर चुकलेलं, होलोग्राम म्हणजे नुसता चमकता कागद. आताच्यांना लेबलवरून पकडणं अवघड झालंय.

फसवणुकीच्या तीन तऱ्हा आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर गोंधळ होतो.

पहिली, स्लॅब खोटा आणि नाणंही खोटं. दुसरी, स्लॅब खरा, पण उघडून आतलं नाणं बदललेलं. यात लेबल, होलोग्राम, नंबर सगळं अस्सल असतं, म्हणून लेबल तपासणारा माणूस इथे हमखास फसतो. अशा वेळी कडा बघायच्या. कारखान्यात दोन भाग जोडलेले असतात ती रेघ चारही बाजूंनी एकसारखी दिसते. उचकटलेल्या स्लॅबच्या कडेला प्लास्टिक पांढुरकं पडतं, कोपऱ्यात बारीक तडे जातात, कधी गोंदाचा थेंब वाळलेला दिसतो. तिसरी तऱ्हा सगळ्यात बेरकी: स्लॅब खोटा पण नाणं खरं. एमएस ६१-६२ दर्जाचं अस्सल नाणं घ्यायचं आणि ६५ किंवा ६६ चं लेबल असलेल्या बनावट स्लॅबमध्ये घालायचं. इथे वजन बरोबर, सोनं बरोबर, आणि तरी तुम्ही नसलेल्या दर्जाचे पैसे मोजलेले असतात.

आता तुमच्यापुरतं. एनजीसी बहुतेक नाण्यांचे फोटो काढून नंबरच्या नोंदीसोबत ठेवते. तो फोटो उघडा आणि विक्रेत्याच्या फोटोशेजारी ठेवून डाग नि ओरखडे जुळवा. ही नाणी पोत्यांत भरून बँकांच्या तिजोऱ्यांत पडून होती, एकमेकांवर आपटलेली आहेत. त्यामुळे प्रत्येकावरच्या खुणा वेगळ्या. खोटं करणारा नंबर उचलू शकतो, पण त्याच नाण्याच्या गालावरचा ओरखडा आपल्या नाण्यावर त्याच जागी उमटवण्याच्या फंदात तो पडत नाही.

गोंद्या_पाटील

म्हणजे पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तरी मुलगी बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही 😄

सराफकट्टा

आमचं कोल्हापुरात गुजरीत दुकान आहे, तिसरी पिढी. एवढा प्लास्टिकचा कौतुकसोहळा कशाला? डबी फोडायची, नाणं हातात घ्यायचं. वजन, कस, आवाज. पाच मिनिटांत निकाल. गिनी ७.९८८ ग्रॅम भरते, बावीस कॅरेट, व्यास २२.०५ मिलिमीटर. गल्लीतला शिकाऊ पोरगाही सांगेल. डबीत बंद सोन्याचा मला तरी भरवसा वाटत नाही. सोनं हाताला लागलं पाहिजे.

नाणेघाट

काका, गिनीबद्दल तुमचा शब्द शेवटचा. पण हे नाणं अजून विकत घेतलेलंच नाही, फोडणार कोण? आणि घेतल्यावर फोडलं तर दोन्हीकडून तोटा. स्लॅब खरा असेल तर त्या कंपनीची हमी गेली आणि दर्जाची वरची किंमतही गेली. खोटा असेल तर विक्रेता म्हणणार, तुम्हीच फोडून नाणं बदललंत. तक्रार करायची असेल तर स्लॅब आहे तसाच राहायला हवा.

शिवाय कसोटीचा दगड दर्जा सांगत नाही. मी वर लिहिलेल्या तिसऱ्या तऱ्हेत कस उत्तम लागेल.

सराफकट्टा

हे बरोबर. तक्रारीसाठी जपून ठेवायचं हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आमच्याकडे येतं ते मोडीला येतं, दर्जाचा प्रश्नच नसतो. तरी एक सांगतो. गिऱ्हाईक हल्ली म्हणतं कॅरेट मशीनवर दाखवा. ते मशीन वरच्या वरचा थर वाचतं. चांगला जाड मुलामा दिलेला असेल तर आकडा उत्तम येतो आणि आत भलतंच निघतं. आम्ही शंका आली तर कापून बघतो. आणि डबीच्या प्लास्टिकमधून ते मशीन नीट वाचतही नाही.

दोनदशांश

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे धाग्यात हात घालतोच.

वीस डॉलरचं नाणं ३३.४३६ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, ९० टक्के सोनं आणि १० टक्के तांबं. त्या मिश्रणाची घनता घनसेंटिमीटरला साधारण १७.२ ग्रॅम. म्हणजे नाण्याचं आकारमान जेमतेम १.९४ घनसेंटिमीटर. आता तेवढ्याच आकाराचं पितळी नाणं केलं तर वजन भरेल साडेसोळा ग्रॅमच्या आसपास, निम्मं! चांदीचं केलं तर वीसच्या आसपास. वजन ३३ वर न्यायचं असेल तर चांदीचं नाणं खऱ्याच्या सव्वा नव्हे, जवळजवळ १.६ पट जाड करावं लागेल, आणि ते कडेने बघताच कळेल.

यातून स्लॅब न फोडता करायची एक तपासणी निघते. त्याच कंपनीच्या, त्याच पिढीतल्या स्लॅबमधलं तेच नाणं ओळखीच्या कुणाकडे असेल तर दोन्ही स्लॅब एकाच काट्यावर ठेवा. प्लास्टिकचं वजन थोडं मागेपुढे होतं, पण दहा-पंधरा ग्रॅमची तूट स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही दाखवेल.

टंगस्टनची भीती सगळे घालतात. टंगस्टनची घनता १९.२५, शुद्ध सोन्याची १९.३२. म्हणून हा डाव चोवीस कॅरेटच्या बिस्किटांत आणि कॅनडाच्या मेपल लीफसारख्या नाण्यांत चालतो. ९० टक्क्यांच्या नाण्यात टंगस्टन भरलं तर ते उलट जड होईल. शिवाय ठिसूळ धातू, त्याच्यावर ठसा नीट उठत नाही.

एडिसनकर

दोनदशांश, फार उपयोगी. आणि लोहचुंबक?

दोनदशांश

लोहचुंबकाला चिकटलं तर नक्की खोटं. नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही, पितळ, तांबं, शिसं, चांदी यांपैकी कुणीच चिकटत नाही. विद्युतवाहकता मोजणारी यंत्रं मात्र कामाची. सिग्मा मेटॅलिटिक्सचं यंत्र प्लास्टिकमधून मोजतं. सोनं आणि टंगस्टन यांची घनता जुळते, वाहकता जुळत नाही. अमेरिकेत बऱ्याच नाणे-दुकानांत ते ठेवलेलं असतं, विनंती केली तर समोर मोजून दाखवतात.

खर्डा_भाकरी

हे सगळं करण्यापेक्षा सरकारी सुवर्णरोखे घ्या ना. ना वजन, ना चोरी, ना टंगस्टन.

अबोली_ठाणे

फेब्रुवारी २०२४ नंतर त्यांची नवी मालिका आलेली नाही हो. आणि धागाकर्त्याला गरुड हवाय, व्याज नकोय.

रेवा_लंडन

इथे गिनीचा विषय निघालाय तर इंग्लंडची बाजू सांगते, कारण खोट्या नाण्यात सोनं खोटंच असतं हा समज आधी जायला हवा.

दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यपूर्वेत आणि दक्षिण युरोपात सॉव्हरिनला प्रचंड मागणी होती आणि ब्रिटन चलनासाठी ते पाडत नव्हतं. वितळवलेल्या सोन्यापेक्षा नाण्याला भाव जास्त. मग इटली आणि बैरुतमधल्या लोकांनी चक्क खऱ्या सोन्याचे सॉव्हरिन पाडायला घेतले. पुरेसं सोनं घालूनही वरचा फरक खिशात पडत होता. शेवटी रॉयल मिंटने १९५७ मध्ये सॉव्हरिन पुन्हा सुरू केलं, त्यामागे या खोट्या नाण्यांना आळा घालणं हे मोठं कारण होतं. ती जुनी खोटी नाणी आजही घरोघरी आहेत. कस लावला तर सोनंच निघतं.

आपल्या मुंबईशी जोडलेली एक खूण सांगते, पाठ करून ठेवा. १९१८ साली मुंबईत रॉयल मिंटची शाखा होती आणि त्या एकाच वर्षी तिथे सॉव्हरिन पाडले गेले. मागच्या बाजूला सेंट जॉर्ज घोड्यावरून ड्रॅगनला मारतोय, त्याच्या पायाखालच्या जमिनीच्या रेघेवर, सालाच्या वर मधोमध, इंडियाचं बारीक इंग्रजी आय अक्षर असतं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या सिडनी, मेलबर्न, पर्थ आणि कॅनडातल्या ओटावा टांकसाळीतही नाणी पाडली, त्यांचीही आपापली अक्षरं आहेत. अक्षर नसतं ते फक्त लंडनच्या नाण्यावर. पण लंडनने १९१७ नंतर थेट १९२५ लाच सॉव्हरिन पाडलं. तेव्हा १९१८ साल आणि टांकसाळीचं अक्षर नाही अशी गिनी दिसली की ती खोटी. स्लॅब कितीही चकचकीत असो.

पुतळीमाळ

रेवा, हे वाचून उठले, कपाट उघडलं आणि आजीची गिनी भिंगाखाली धरली. १९१८ आहे आणि रेघेवर आय आहे! 🙏 इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं की ही आपल्या मुंबईची आहे.

रेवा_लंडन

वा! जपून ठेवा. पॉलिश मात्र करून घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

नाणेघाट

रेवाताईंच्या मुद्द्याला अमेरिकेतली जोड. १९०७ च्या हाय रिलीफ, म्हणजे जास्त उठावदार ठशाच्या, वीस डॉलरच्या नाण्याची इतकी सफाईदार नक्कल झाली होती की १९७० च्या दशकात ती पकडली गेली तेव्हा जाणकारही हादरले. करणाऱ्याने गरुडाच्या नखीत ग्रीक ओमेगा अक्षर कोरून ठेवलं होतं, जणू सही. सोनं खरंच होतं. म्हणून म्हणतो, वजन आणि कस ही पहिली चाळणी. त्यापुढे नाणं वाचता आलं पाहिजे.

सेंट-गॉडन्स वाचायचं म्हणजे काय बघायचं? भिंग घ्या.

स्वातंत्र्यदेवीच्या बाजूला काठालगत तारे आहेत. १९११ पर्यंत ४६, १९१२ पासून ४८, कारण त्या वर्षी दोन राज्यं वाढली. साल आणि ताऱ्यांची संख्या जुळते का मोजा. नाण्याच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, अक्षरं आणि तारे उठवलेले आहेत. एनजीसीच्या नव्या स्लॅबमध्ये नाणं प्लास्टिकच्या बोटांसारख्या टोकांनी धरलेलं असतं, त्यामुळे कड दिसते. मग किरण आणि अक्षरांच्या आजूबाजूचं सपाट मैदान बघा. खोट्या ठशावर कारागिराने खरवडून दुरुस्ती केलेली असते, ती नाण्यावर उंच, बारीक, किड्यासारख्या रेघा होऊन उमटते. खऱ्या नाण्यावर आपटल्याच्या खुणा खोल जातात, वर येत नाहीत. देवीचा चेहरा आणि बोटं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसली तर ठसा खऱ्या नाण्यावरून ओतून घेतलेला आहे.

आणखी एक. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा खड्डा दिसला तर दोन्ही खोटी. मूळ नाण्यावरचा खड्डा ठशात गेला आणि तिथून प्रत्येक नकलेवर. विक्रेत्याकडे अशी बरीच असतील तर सगळ्यांचे फोटो मागा.

कृष्णाकाठ

धागा अमेरिकेचा आहे, तरी आपल्याकडे हाच प्रकार शिवकालीन होनाच्या बाबतीत चाललाय ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेला सोन्याचा होन. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अत्यंत दुर्मीळ. आणि समाजमाध्यमांवर बघावं तर रोज कुणीतरी होन विकतोय. पूर्वी नुसता कापसात गुंडाळून दाखवायचे. आता कधी नाव न ऐकलेल्या कंपनीच्या प्लास्टिक डबीत, वर इंग्रजी लेबल, दर्जाचा आकडा, क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की विक्रेत्यानेच बनवलेलं एक पान उघडतं. लोकांची महाराजांवरची श्रद्धा आहे, म्हणून हात आखडत नाही. या श्रद्धेवर धंदा करणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

नाणेघाट

क्यूआर कोडचा मुद्दा फार महत्त्वाचा, अमेरिकेतल्या स्लॅबलाही लागू. लेबलवरचा कोड स्कॅन करून उघडलेल्या पानावर विश्वास ठेवू नका. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि नंबर तिथे घाला. पीसीजीएसने २०२० पासून काही स्लॅबमध्ये एनएफसी चिप घालायला सुरुवात केली आहे, फोन टेकवला की नोंद उघडते. तीही कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच तपासा. चिप नाही म्हणून स्लॅब खोटा असं मात्र नाही, जुन्या स्लॅबमध्ये ती नसतेच.

होनाबद्दल कृष्णाकाठांना शंभर टक्के अनुमोदन.

शिवनेरकर

आमच्या भागातला प्रकार यापेक्षा जुना आणि बिनडबीचा आहे. रस्त्याच्या कामावरचा मजूर असल्याचं सांगून एक जण येतो. खोदताना हंडा सापडला, पोलिसांची भीती वाटते, कमी भावात देतो. पहिलं नाणं खरं असतं, म्हणतो सोनाराकडे दाखवून या. सोनार म्हणतो उत्तम. मग लाखो रुपये घेऊन निर्जन जागी बोलावतात आणि पिशवीत निघतात पितळेच्या चकत्या. पेपरात दर काही महिन्यांनी बातमी येते, तरी लोक जातात.

हंडा खरा असता तरी तो घेता येत नाही. १८७८ चा निखातनिधी कायदा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

गोंद्या_पाटील

दहा रुपये! त्या भावात आता हंड्याचा कोळसाही येणार नाही.

पुतळीमाळ

एक शंका. आजीची गिनी स्लॅबमध्ये घालून घ्यायची झाली तर अमेरिकेत पाठवता येईल का? एडिसनकरांसारखं कुणी येता-जाता घेऊन गेलं तर?

कृष्णाकाठ

नाही ताई, अजिबात नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची १९१८ ची गिनी शंभरी ओलांडून बसली आहे. कुणाच्या बॅगेत घालून पाठवाल तर त्याला विमानतळावर अडचण. गिनी घरीच शोभते. दोन-तीन जुन्या जाणत्या सराफांना दाखवा, वजन करून कागदावर लिहून ठेवा, दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा.

अबोली_ठाणे

अवांतर, पण जवळचंच. धनत्रयोदशीला आपण एक-दोन ग्रॅमची नाणी कार्डात सीलबंद घेतो, त्याही कार्डांच्या नकला निघतात. नंबर छापलेला असतो, नाण्यावरचा आणि कार्डावरचा जुळवून बघायचा, एवढं तरी सगळ्यांना जमेल. मी दरवेळी पक्कं बिल घेते आणि जिथून घेतलं तिथेच परत घेतील का, हे आधी विचारते. बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत विकत घेत नाही, हे बऱ्याच जणांना मोडायला गेल्यावर कळतं.

हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. तो दुकानातच, पैसे देण्याआधी तपासावा.

सराफकट्टा

आम्ही स्वतःच गिऱ्हाइकाला फोन काढायला सांगतो. ज्याचा माल खरा त्याला ॲपची भीती कशाला?

एडिसनकर

मंडळी, काल रात्री बसून एकेक गोष्ट केली. निष्कर्ष सांगतो.

संकेतस्थळ टाइप करून उघडलं, नंबर घातला, फोटो मोठा केला. त्यात स्वातंत्र्यदेवीच्या डोक्यावरच्या ‘लिबर्टी’ शब्दातल्या टी अक्षराखाली तांब्याचा एक लालसर-तपकिरी ठिपका आहे, तिळाएवढा. शिवाय देवीच्या गुडघ्यावर एक तिरका ओरखडा, अगदी ठळक. विक्रेत्याच्या नाण्यावर ठिपका नाही, ओरखडाही नाही. गुडघा एकदम तुळतुळीत. मागच्या बाजूला गरुडाच्या खालच्या दोन किरणांच्या मध्ये एक उंच बारीक रेघ मात्र दिसते, नाणेघाट म्हणाले तशी. कंपनीच्या फोटोत तिथे काही नाही.

तारे मोजले, ४८ आहेत. म्हणजे तेवढा अभ्यास त्याने केलेला दिसतो.

विक्रेत्याला लिहिलं की प्रत्यक्ष भेटू, नाण्याच्या दुकानात यंत्रावर मोजू, मोजायचे पैसे मी देतो. उत्तर आलं की आज दुसरा गिऱ्हाईक येतोय, आगाऊ रक्कम पाठवा तर ठेवतो. मी कळवलं की नको.

नाणेघाट

उत्तम केलंत. एक राहिलं: तांब्याचा ठिपका कुणी साफ करू शकतं, असं विक्रेता म्हणाला असता. म्हणून ठिपक्यावर एकट्यावर निकाल देऊ नये. पण गुडघ्यावरचा ओरखडा पुसता येत नाही. खोल गेलेला धातू परत येत नाही. आणि स्लॅब कायमचा बंद असेल तर साफ केलं कधी?

दोनदशांश

शेवटचा प्रश्न एकदम मर्मावर.

खर्डा_भाकरी

सुवर्णरोख्यांचा सल्ला मागे घेतो. हे वाचायला जास्त मजा आली. पण मला सांगा, अगदी नव्या कोऱ्या ईगलला ओरखडेच नसतात. एमएस ७० दर्जाच्या दोन नाण्यांत फरक कसा ओळखायचा?

नाणेघाट

नेमका प्रश्न. तिथे फोटो जुळवण्याची युक्ती लंगडी पडते, आणि मोठ्या संख्येने दर्जा दिलेल्या नव्या नाण्यांचे फोटो बऱ्याचदा काढलेलेही नसतात. म्हणून नकला करणारे हल्ली त्या बाजूला वळलेत. तिथे तीन गोष्टी करा. तोच नंबर दुसरीकडे कुठे विक्रीला लागलाय का ते शोधा, एक नंबर दोन जागी दिसला तर किमान एक खोटा. वजन आणि वाहकता मोजा, एक औंसाचा ईगल बावीस कॅरेटचा, ३३.९३ ग्रॅम, व्यास ३२.७ मिलिमीटर. आणि नुसतं सोनं म्हणून घ्यायचं असेल तर ७० च्या आकड्यासाठी जादा पैसे देऊच नका, बिनस्लॅबचं घ्या, मोजून घ्या.

चीनचे पांडा घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा. २०१६ पासून ते औंसात नाही, ग्रॅममध्ये येतात, मोठं नाणं ३० ग्रॅमचं. त्यानंतरच्या सालावर एक औंस लिहिलेलं दिसलं तर पुढे बोलूच नका.

रेवा_लंडन

एडिसनकर, त्या विक्रेत्याचं पुढे काय? तुम्ही वाचलात, दुसरा गिऱ्हाईक कदाचित खरोखरच असेल.

एडिसनकर

तोच विचार रात्री आला. गटाच्या चालकांना दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून पाठवले आणि फेसबुककडे तक्रार केली. एनजीसीलाही नंबरासह कळवलं, त्या नंबरचं खरं नाणं ज्याच्याकडे असेल त्याला विकताना त्रास व्हायला नको. अमेरिकेच्या नाण्यांच्या नकलांचा तपास इथे सीक्रेट सर्व्हिस करते, त्यांच्या स्थानिक कार्यालयाला ईमेल केलाय. १९७३ च्या कायद्याने इथे नकली नाण्यावर ‘कॉपी’ असं ठळक छापणं बंधनकारक आहे, या नाण्यावर तसं काही नाही.

शिवनेरकर

भारतात असं काही ऑनलाइन घडलं आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एडिसनकर

गरुड मात्र हवाच आहे. कुठून घेऊ?

नाणेघाट

प्रत्यक्ष बघून. तुमच्यापासून बाल्टिमोर गाडीने जाण्याजोगं, तिथे नाण्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनचे सदस्य असलेले व्यापारी टेबल लावून बसतात, पक्कं बिल देतात. तुमच्या नाण्यात ३०.०९ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. त्या दिवशीच्या भावाने त्याची किंमत आधी काढून चिठ्ठीवर लिहून न्या. जो त्याच्याहून कमी सांगेल त्याच्या टेबलापाशी थांबू नका. आणि १९२४ हे साल सहज मिळतं, दहा नाणी बघून मग एक निवडा. भिंग दहापट मोठं दाखवणारं घ्या, फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका.

सराफकट्टा

आणि घेतलंत की दोन्ही बाजूंचे आणि कडेचेही फोटो इथे टाका. आम्हाला गुजरीत असलं नाणं बघायला मिळत नाही.